आधी ऐकायचं, मग खोलायचं



मागच्या अंकातला टायरांवरचा लेख वाचून बऱ्याच जणांचे फोन आले. पण खरी चर्चा झाली ती मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात. आत हळदीकुंकू चाललेलं आणि आम्ही पाच-सहा पुरुष हातात तिळगुळाच्या वड्या घेऊन पार्किंग लॉटमध्ये, कुडकुडत, एका उघड्या बॉनेटभोवती उभे. लग्नाच्या मांडवात जशी म्हातारी माणसं एकमेकांची दुखणी काढतात, तशी आम्ही आमच्या गाड्यांची काढतो. प्रश्न सगळ्यांचा एकच : "तो पिवळा दिवा लागलाय. आता काय करू?"

त्या दिव्याबद्दल मी बोलायला मोकळा आहे, कारण या हिवाळ्यात त्याने मला, एका मेकॅनिकल इंजिनियरला, चांगलंच तोंडावर पाडलं. ती गोष्ट सांगतो.

आमच्या घरी २००३ सालची एक जपानी बनावटीची सेडान आहे. एम. एस. करून नोकरीला लागलो आणि २००७ साली ती सेकंडहँड घेतली. तेव्हा ४८,००० मैल झाले होते, आता २,१२,००० झालेत. २००८ च्या जानेवारीत आमच्या कन्येला हॉस्पिटलमधून घरी आणलं ते याच गाडीतून, ताशी पंचवीस मैलांच्या वेगाने, मागे पन्नास गाड्यांची वरात घेऊन. त्यामुळे घरात तिला 'आजीबाई' असं नाव पडलेलं आहे. कन्या आता सतरा वर्षांची झाली, न्यू जर्सीच्या नियमाप्रमाणे तिला प्रोबेशनरी लायसन्स मिळालं, नंबरप्लेटला लावायची ती लाल स्टिकरंही आली. माझा बेत पक्का होता : आजीबाई नातीला द्यायची. सौ.चा बेतही पक्का होता : नाही द्यायची. हा वाद चालू असतानाच डिसेंबरात आजीबाईचा पिवळा दिवा लागला. फेब्रुवारीत इन्स्पेक्शनचा स्टिकर संपत होता, आणि हा दिवा पेटलेला असला की गाडी नापास.

आता हा दिवा म्हणजे काय ते थोडं समजून घेऊ. अमेरिकेत १९९६ मॉडेलपासूनच्या प्रत्येक कारला 'ओबीडी-टू' नावाची व्यवस्था सक्तीची आहे. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी, सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. वीस-पंचवीस डॉलरचं एक यंत्र त्यात खुपसलं की फोनवर गाडीचा कोड दिसतो. कोडचं पहिलं अक्षर 'पी' असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्स, 'सी' असेल तर ब्रेक-स्टिअरिंगकडचं, 'बी' म्हणजे बॉडी, 'यू' म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचं आपापसातलं बोलणं तुटलेलं. पुढचा आकडा शून्य असेल तर तो कोड सगळ्या कंपन्यांना सारखाच लागू.

दोन गोष्टी मात्र आजच लक्षात ठेवा. दिवा स्थिर पेटलेला असेल आणि गाडी नीट चालत असेल तर घाबरू नका, आठवड्याभरात बघितलं तरी चालतं. कधीकधी गॅसची टोपी घट्ट न बसवल्यानेही तो लागतो. पण दिवा उघडझाप करत असेल तर वेग कमी करा आणि लवकरात लवकर गाडी बाजूला घ्या. याचा अर्थ एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नाही, न जळलेला गॅस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातो आहे आणि तो तापून खलास होतो आहे. त्याच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं, म्हणूनच चोर रात्री गाडीखाली शिरून तो कापून नेतात. तो बदलायचा म्हणजे हजारावर डॉलरची फोडणी.

तर आमच्या आजीबाईचा कोड निघाला पी-०१७१. म्हणजे मिश्रण 'लीन' झालंय, हवा जास्त आणि गॅस कमी. गॅसच्या इंजिनला वजनाने साधारण १४.७ भाग हवेला एक भाग गॅस लागतो. हे प्रमाण बरोबर आहे की नाही ते एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर सांगतो. मी विचार केला, सेन्सर सांगतोय ना, मग सेन्सरच बिघडला असणार. गाडी म्हातारी आहे, सेन्सरही म्हातारा. पार्ट्सच्या दुकानातल्या पोरानेही मान डोलावली. ९० डॉलर दिले, शनिवारचा अख्खा दिवस थंड गराजमध्ये गंजलेल्या सेन्सरशी झुंज दिली, बोटांची सालटी काढून घेतली, नवा सेन्सर बसवला, कोड पुसला. दिवा गेला! रात्री जेवताना मी असा काही रुबाब केला की विचारू नका. मंगळवारी सकाळी दिवा परत हजर.

मग एका वर्कशॉपमध्ये गेलो. त्यांनीही कोड वाचला आणि एस्टिमेट दिलं १,३०० डॉलरचं : इंजेक्टर, आणखी एक सेन्सर, साफसफाई वगैरे. त्यात अमुक एका कारणाने मिश्रण बिघडलंय असं एकही वाक्य नव्हतं. सौ. म्हणाली, "अरे, एवढी तर तिची आता किंमतही नाही. दे सोडून." गप्प बसलो. किंमत दोन-अडीच हजारांच्या पुढे नव्हती हे मलाही ठाऊक होतं.

त्या रविवारी सांगलीला अण्णांना फोन केला. अण्णा माझे वडील. सगळी कहाणी ऐकून घेतली आणि म्हणाले, "ते तुझं यंत्र काय सांगतं ते कळलं. पण गाडीचा आवाज कसा येतोय?" आता आली का पंचाईत! आवाज मी ऐकलाच नव्हता. महिनाभर मी फोनवरचे आकडे बघत होतो, बॉनेट उघडून इंजिनजवळ शांतपणे उभा राहिलोच नव्हतो.

अण्णांकडे बजाजची चेतक होती. तुमच्यापैकी किती जणांच्या घरी होती? सकाळी किक मारून सुरू होईना की ती उजवीकडे आडवी करायची, परत उभी करायची, किक मारायची. नाहीच झाली तर प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा. पण अण्णा पाना कधी लगेच हातात घेत नसत. आधी दोन-तीन किका मारून कान देऊन ऐकायचे. प्लग ओला आहे की कोरडा, ते बघायचे. ओला म्हणजे पेट्रोल येतंय पण ठिणगी नाही, कोरडा म्हणजे पेट्रोलच येत नाही. मी लहानपणी घाई करून पाना पुढे केला की म्हणायचे, "आधी ऐकायचं, मग खोलायचं." ती चेतक त्यांनी बावीस वर्षं चालवली. आणि मी मास्टर्स करून आलेला शहाणा, आधी खोलून बसलो होतो.

त्याच संध्याकाळी गराजचं दार सताड उघडं ठेवून (इंजिन चालू असताना हे विसरायचं नाही, तो धूर जीवघेणा असतो) आजीबाई सुरू केली. कन्येला मदतीला घेतलं. केस घट्ट बांधायला लावले, पट्टा आणि पंखा फिरतो त्या बाजूला हात न्यायचा नाही असं दोनदा बजावलं. गॅरेजवाल्यांची एक जुनी युक्ती आहे : रबरी नळीचा हातभर तुकडा घ्यायचा, एक टोक कानाशी धरायचं आणि दुसरं इंजिनवर जागोजागी फिरवायचं. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखं. मी पाच मिनिटं फिरवलं, मला काही ऐकू येईना. पंचेचाळिशीचे कान! मग नळी तिच्या हातात दिली. मिनिटभरात ती म्हणाली, "बाबा, इथे मागे कुणीतरी शूऽऽ करतंय."

इंजिनच्या मागच्या बाजूला, जिथे नजर पोचत नाही तिथे, एक वाकडी रबरी नळी होती. क्रँककेसमधली वाफ परत इंजिनात नेणारी. खालच्या बाजूने ती चिरली होती. वीस वर्षांच्या उष्णतेने रबर बिस्किटासारखं कडक झालं होतं. नवी नळी ११ डॉलरला मिळाली. बसवायला वीस मिनिटं लागली.

आता यात चूक कुठे झाली ते सांगतो, कारण या लेखाचं सार तेच आहे. आपल्या मंडळाच्या दिवाळीच्या जेवणाचं उदाहरण घ्या. दारावर टेबल टाकून नोंदणी होते. तिथे जेवढी डोकी मोजली, तेवढ्या पुऱ्या आत तळल्या जातात. इंजिनमध्ये दारावर बसलेला हा माणूस म्हणजे एअर-फ्लो सेन्सर. तो आत येणारी हवा मोजतो आणि कॉम्प्युटर तेवढा गॅस सोडतो. आता समजा किचनच्या मागच्या दाराने, नोंदणी न करता, वीस जण आत घुसले. (कोण ते सगळ्यांना माहीत असतं, पण बोलत कुणी नाही.) पुऱ्या कमी पडणार! जेवणाच्या रांगेच्या शेवटी उभा असलेला स्वयंसेवक ओरडतो, "पुऱ्या संपल्या!" हा स्वयंसेवक म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. आतला आचारी आणखी पुऱ्या टाकतो, आणखी टाकतो, आणि साधारण पंचवीस टक्के जास्त टाकूनही भागेना की हात वर करतो. तोच आपला पिवळा दिवा. फाटलेली नळी म्हणजे ते मागचं दार. आणि मी काय केलं? ओरडणाऱ्या स्वयंसेवकालाच बदललं! नवा स्वयंसेवक आला, तोही तेच ओरडणार.

गंमत म्हणजे हे सगळं त्या वीस डॉलरच्या यंत्राला माहीत होतं, मी विचारलं नव्हतं. कोडच्या पलीकडे 'फ्युएल ट्रिम' नावाचा एक आकडा दिसतो. आचारी किती टक्के जास्तीच्या पुऱ्या तळतोय, तो हा आकडा. तो शून्याच्या आसपास, फार तर दहाच्या आत असावा. आमचा, गाडी नुसती उभी असताना, २४ होता. पण ॲक्सिलरेटर दाबून इंजिन २,५०० फेऱ्यांवर नेलं की ६ वर यायचा. चाळीस माणसांच्या जेवणात वीस आगंतुक आले तर बोंब होते, पाचशेच्या जेवणात कळतही नाहीत. म्हणून उभ्या गाडीत आकडा मोठा आणि वेगात छोटा असेल, तर कुठून तरी हवा गळते आहे असं समजावं. उलट वेगात, चढावर तो वाढत असेल, तर गॅसचा पंप, फिल्टर किंवा तो दारावरचा एअर-फ्लो सेन्सर संशयित. नळी बदलल्यावर आमचा आकडा ३ वर आला. मुळात त्या ९० डॉलरची गरजच नव्हती.

थोडक्यात काय, कोड हा रोग्याचा 'ताप' आहे, निदान नव्हे. कुठल्याही मेकॅनिककडे जाल तेव्हा "कोड काय आला?" एवढंच विचारू नका. "कशामुळे आला, आणि ते तुम्ही कसं तपासलं?" असं विचारा. चांगला मेकॅनिक या प्रश्नाने खूश होतो. तपासणीच्या वेळेचे पैसे मागितले तर आनंदाने द्या, ते नको असलेल्या पार्टपेक्षा स्वस्तच पडतात.

एक सूचना. इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री कोड पुसून गाडी न्यायची, ही आयडिया आपल्या सुपीक डोक्यात येतेच. चालत नाही! कोड पुसला की गाडीच्या स्वतःच्या चाचण्याही पुसल्या जातात, आणि २००१ नंतरच्या गाडीत त्यातली एकापेक्षा जास्त चाचणी अपुरी दिसली की परत पाठवतात. दुरुस्तीनंतर आठवडाभर, थोडी गावात आणि थोडी हायवेवर, गाडी चालवा आणि मग न्या. आजीबाई फेब्रुवारीत पहिल्या फटक्यात पास झाली.

पण त्या स्टिकरवर फार विसंबू नका. न्यू जर्सीत २०१० पासून आपल्या खाजगी गाड्यांचे ब्रेक, स्टिअरिंग वगैरे इन्स्पेक्शनमध्ये तपासतच नाहीत, फक्त प्रदूषणाचं बघतात. म्हणून मी आजीबाईला लिफ्टवर चढवून खालून बघायला लावलं. हिवाळ्यातल्या मिठाने ब्रेकची एक नळी गंजून फुगली होती. दिवा नाही, कोड नाही, काही नाही. ही नळी फुटली असती तर? तीही बदलली. जुनी गाडी असेल तर वर्षातून एकदा हे कराच. शिवाय ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषून घेतं, ते दर दोन-तीन वर्षांनी बदला. टायमिंग बेल्ट असेल तर मालकाच्या पुस्तकात दिलेल्या मैलांवर बदला, तुटायची वाट बघू नका. आणि विंडशील्डच्या कोपऱ्यात दिसणारा सतरा अक्षरांचा व्हिन नंबर सरकारच्या 'एनएचटीएसए'च्या वेबसाइटवर टाकून रिकॉल बाकी आहे का ते बघा. एअरबॅगच्या रिकॉलचं काम डीलर फुकट करून देतो, गाडी कितव्या मालकाची आहे ते विचारत नाही.

नव्या गाड्यांचं काय, असं संक्रांतीला एकाने विचारलं. त्याच्या अलीकडच्या गाडीची काच खड्याने फुटली. काच बदलून भागलं नाही, काचेमागचा कॅमेरा परत जुळवून घ्यावा लागला आणि त्याचं बिल वेगळं. काही गाड्यांत नुसती बॅटरी बदलली तरी कॉम्प्युटरला तशी वर्दी द्यावी लागते. आता हे सगळं डीलरनेच करायचं की कोपऱ्यावरच्या मेकॅनिकलाही करता यावं? मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ साली आणि पुन्हा २०२० साली, गाडीची माहिती बाहेरच्या मेकॅनिकलाही मिळाली पाहिजे असा कौल दिला. पण नवीन ते सगळं वाईट असं मी म्हणणार नाही. पूर्वी वर्षा-दोन वर्षांनी बदलायचे स्पार्क प्लग आता कित्येक गाड्यांत लाख मैल जातात, त्यात या कॉम्प्युटरचाही वाटा आहे.

आणि इथेच आमच्या घरातला वाद संपला. गाडी दुरुस्त झाल्यावर कन्या म्हणाली, "बाबा, आता आजीबाई माझी. मीच तर दुरुस्त केली." मला भरून आलं. मी हो म्हणणारच होतो. पण रात्री बसून कागदावर मांडलं. आजीबाईत इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल नाही. ओल्या रस्त्यावर गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला आपणहून ब्रेक लावून ती सरळ ठेवणारी ही व्यवस्था २०१२ मॉडेलपासून इथे प्रत्येक कारला सक्तीची आहे. एकट्याच गाडीच्या जीवघेण्या अपघाताचा धोका तिने जवळजवळ निम्मा होतो, असं विमा कंपन्यांच्या इथल्या संशोधन संस्थेचं सांगणं आहे. बाजूच्या एअरबॅगही नाहीत, मागचा कॅमेराही नाही. आणि ड्रायव्हर सतरा वर्षांची, पहिल्याच हिवाळ्यातली. गाडी दुरुस्त होणं ही एक गोष्ट, ती आपल्या लेकराला योग्य असणं ही दुसरी. माझ्या हौसेपायी मी या दोन्हींची गल्लत करत होतो. सौ. हेच सहा महिने सांगत होती. तिचंही आधी ऐकायला हवं होतं!

तेव्हा निकाल असा : सौ.ची २०१८ सालची गाडी, लाल स्टिकरांसकट, कन्येकडे. सौ. आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला जाते, त्या दिवशी तिला ट्रेन स्टेशनवर सोडायचं काम माझ्याकडे, आजीबाईतून. कन्या दोन दिवस रुसली. मग मी तिला ती नळी आणि कोड वाचायचं यंत्र दिलं आणि सांगितलं की दोन्ही गाड्यांच्या डॉक्टरीणबाई यापुढे तूच. आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही दोघं बॉनेट उघडून पाच मिनिटं नुसते ऐकत उभे राहतो. ऑइल बघतो, वहीत मैल लिहितो. अण्णांना व्हिडिओवर वही दाखवली, तर म्हणाले, "अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे."

तर मंडळी, येत्या शनिवारी दहा मिनिटं काढा. गाडी जुनी असो की नवी, मुलांना बरोबर घ्या, बॉनेट उघडा आणि ऐका. काही 'शूऽऽ' ऐकू आलं तर मला फोन करा. पुढच्या अंकात ब्रेकबद्दल बोलू. तोवर सांभाळून चालवा. आणि हो, पुढच्या कार्यक्रमाला पुढच्या दाराने, नोंदणी करून या!